रात्रपाळीत झोपले म्हणून मिस्टरांना डिसमिस केलं, ९० दिवसांतले निम्मे गेले, कोर्टात टिकेल का?

सिडको_नाशिक
१८ जून २०२३

नमस्कार सगळ्यांना, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत एका कंपनीत हीट ट्रीटमेंट शॉपला फर्नेस ऑपरेटर होते, १६ वर्षं पर्मनंट. २ मे ला डिसमिस ऑर्डर पोस्टाने घरी आली, कारण लिहिलंय की ९ डिसेंबरच्या रात्री ड्यूटीवर झोपलेले सापडले, कामात गंभीर निष्काळजीपणा, आणि आधीचं रेकॉर्ड पण समाधानकारक नाही.

त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगते. ह्यांची सेकंड शिफ्ट होती, दुपारी ३ ते रात्री ११. रात्री रिलीव्हर आलाच नाही. सुपरवायझर म्हणाले बॅच चालू आहे, फर्नेस असं सोडून जाता येणार नाही, थर्ड पण करून घे. मला सव्वाअकराला फोन आला होता की जेवून घ्या, मी सकाळीच येतो. म्हणजे दुपारी २:४८ ला पंच केलेला माणूस पहाटेपर्यंत भट्टीसमोर. ४:१० ला नाइटचे इन्चार्ज राउंडला आले, हे रिकाम्या बिनवर बसून पिलरला टेकलेले होते, डोळे मिटलेले. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला आणि मग उठवलं. हे म्हणतात डुलकी लागली असेल, मी नाही म्हणत नाही, पण पंधरा मिनिटांपूर्वीच पॅनलचं रीडिंग घेऊन लॉगशीटवर लिहिलं होतं.

त्या रात्री शॉपमध्ये अजून दोघं झोपलेले सापडले, एक शॉट ब्लास्टिंगचा आणि एक हेल्पर. त्या दोघांना ४ दिवस बिनपगारी सस्पेन्शन देऊन परत घेतलं. ह्यांना मात्र १२ डिसेंबरला सस्पेंड करून चार्जशीट दिली, जानेवारी ते मार्च एन्क्वायरी चालली, एन्क्वायरी ऑफिसर कंपनीनेच नेमलेले एक वकील होते. ह्यांनी शिफ्टचं मस्टर आणि पंचिंग रेकॉर्ड मागितलं तर म्हणाले त्याचा चार्जशी संबंध नाही. सगळं प्रोसिडिंग इंग्लिशमध्ये टाइप व्हायचं आणि शेवटी सही घ्यायचे. हे दहावी शिकलेत. मी घरी विचारायचे आज काय लिहिलं, तर म्हणायचे जे बोललो तेच लिहिलं असेल.

आधीचं रेकॉर्ड म्हणजे २०१७ चा एक लेट येण्याचा मेमो आणि २०२१ ला कॅन्टीनवरून वाद झाला त्याचा एक. झोपण्याचा एकही नाही. आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ऑक्टोबरमध्ये युनियनच्या मागणीपत्रावर सह्या गोळा करण्यात हे पुढे होते.

शेजारचे एकजण म्हणाले ९० दिवसांत कोर्टात गेलं नाही तर सगळं संपतं. दुसरे म्हणाले तीन वर्षं आहेत, घाई करू नका. तिसरे म्हणाले ड्यूटीवर झोपलेल्या माणसाला कुठलंच कोर्ट परत घेत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, हिशोबाचा चेक घ्या आणि मोकळे व्हा. मुलगी दहावीत आहे, मुलगा सातवीत. घराचे हप्ते चालू आहेत. हे आता बोलतच नाहीत फारसं, संध्याकाळी युनिफॉर्मच्या शर्टाची घडी मोडतात आणि परत घालतात. कोणाला खरं माहीत असेल तर सांगा, कोर्ट नक्की काय बघतं?

---

जुना_युनियनवाला
१८ जून २०२३

ताई, आधी पाणी प्या आणि शांतपणे वाचा, तुमची केस वाईट नाहीये.

तुमचे पहिले दोन्ही शेजारी बरोबर आहेत कारण रस्ते दोन आहेत. एक आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला सगळे पल्प म्हणतात, त्यात अनफेअर लेबर प्रॅक्टिसची, म्हणजे मालक कामगाराशी अन्यायाने वागल्याची, तक्रार थेट लेबर कोर्टात टाकायची, मुदत ९० दिवस. २ मे पासून धरलं तर ३१ जुलैला संपते, ऑर्डर हातात कधी पडली ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून बघा, पाकीट फेकू नका, पण ३१ जुलैच धरून चाला. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो पण त्या भानगडीत कशाला पडायचं. दुसरा रस्ता केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्याचा, कलम २ए, त्यात आधी लेबर ऑफिसला कन्सिलिएशनचा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीचा, अर्ज करायचा, ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट लेबर कोर्टात जाता येतं, तिथे डिसमिस झाल्यापासून ३ वर्षं. एकाच गोष्टीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, पल्पच्या कलम ५९ मध्ये स्पष्ट बंदी आहे, म्हणून आधी विचार करून एकच दार ठोठवायचं.

मी तुम्हाला पल्पच सांगेन. त्याच्या शेड्यूल ४ मध्ये पहिलाच आयटम कामावरून काढण्याबद्दल आहे आणि त्याची पोटकलमं वाचली तर तुमची गोष्ट जवळजवळ शब्दाला शब्द सापडेल. सूडबुद्धीने काढणं, एन्क्वायरीत नैसर्गिक न्याय पायदळी तुडवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं, किरकोळ चूक असताना आधीची सर्व्हिस न बघता धक्कादायक वाटेल इतकी जास्त शिक्षा देणं.

आता झोपेबद्दल. कलर केम कंपनीची केस आहे, सुप्रीम कोर्ट, १९९८, आपल्या महाराष्ट्रातलीच आणि ह्याच पल्प कायद्याखालची. पहाटे साडेतीनच्या सुमाराला अचानक तपासणी झाली तर त्या पाळीतली माणसं सुपरवायझरसकट झोपलेली, मशीन चालू. बाकीच्यांना हलकी शिक्षा आणि दोन कामगारांना डिसमिस. कोर्ट म्हणालं की ही शिक्षा धक्कादायक जास्त आहे आणि ही अनफेअर लेबर प्रॅक्टिस आहे, दोघं परत कामावर. मागचा पूर्ण पगार नाही मिळाला त्यांना, पण नोकरी वाचली. तुमच्याकडे तिघं झोपलेले, दोघांना ४ दिवस आणि एकाला घरी, ह्याच्यापेक्षा जवळची केस मिळणार नाही. त्या दोघांच्या शिक्षेच्या ऑर्डरची झेरॉक्स कशीही करून मिळवा, किंवा निदान नोटीस बोर्डवर लागली असेल तर त्याचा फोटो.

एक विचारायचं राहिलं, युनियनचं मागणीपत्र पुढे कुठे गेलं? लेबर कमिशनर ऑफिसला कन्सिलिएशन चालू होतं का २ मे ला? हे नीट विचारून सांगा, फार महत्त्वाचं आहे.

---

एचआर_चाकण
१९ जून २०२३

मी एचआरमध्ये १५ वर्षं आहे त्यामुळे इथे माझं बोलणं काहींना आवडणार नाही, पण ताईंनी खरं काय ते विचारलंय म्हणून समोरच्या बाजूचं सांगतो, कारण उद्या कंपनीचा वकील उभा राहील तेव्हा हेच ऐकायला लागणार आहे.

तिसरे शेजारी ज्या निकालाबद्दल बोलतायत तो भारत फोर्ज कंपनीचा, २००५, पुण्याचा. कामगार सकाळी ११:४० ला लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला, वर्ष १९८३. लेबर कोर्टापासून इंडस्ट्रियल कोर्ट, हायकोर्ट करत करत बावीस वर्षांनी सुप्रीम कोर्टाने डिसमिसल कायम ठेवलं. पण त्यातली मुख्य गोष्ट लोक सांगत नाहीत, तो त्याचा चौथा गुन्हा होता, आधी तीनदा तसाच सापडला होता आणि तीनदा हलक्या शिक्षेवर सोडला होता. दिवसपाळी, चौथी वेळ. तुमच्या मिस्टरांची पहिली वेळ आणि सोळा तासांतला चौदावा तास. म्हणून तो निकाल ऐकून घाबरून चेक घेऊ नका.

पण दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक म्हणजे फर्नेस. कार्बुरायझिंगची, म्हणजे पोलादात कार्बन मुरवायची, भट्टी असेल तर ९०० डिग्रीच्या वर तापमान, आत मिथेनॉल आणि गॅस, प्रेशर पडलं किंवा फ्लेम कर्टन, म्हणजे दारापाशी जळणारा ज्योतींचा पडदा, गेला आणि माणूस झोपलेला असेल तर स्फोट होऊ शकतो. मी एका प्लांटमध्ये भट्टीचा दरवाजा उडालेला बघितलाय, कोणी समोर नव्हतं म्हणून वाचलं. त्यामुळे फर्नेस ऑपरेटरची झोप आणि पॅकिंगवाल्याची झोप एक नाही असं कंपनी म्हणणार, शॉट ब्लास्टिंगवाल्याला हलकी शिक्षा का ह्याचं उत्तर पण हेच देणार, आणि त्या म्हणण्यात वजन आहे. दुसरं म्हणजे सह्या. प्रत्येक पानावर सही असेल तर एन्क्वायरी चुकीची होती हे म्हणणं अवघड जातं, अशक्य नाही, अवघड.

ह्याच्यावर तुमचं उत्तर एकच आणि ते कंपनीच्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, पंचिंग. भट्टी इतकी धोक्याची आहे तर सलग दोन शिफ्ट त्याच माणसाला कोणी उभं केलं? फॅक्टरी अॅक्टमध्ये दिवसाला ९ तासांची मर्यादा आहे. डिसेंबरच्या पगाराच्या स्लिपवर ८ तासांचा ओव्हरटाइम लागलाय का बघा. लागला असेल तर कंपनीने स्वतःच लिहून दिलंय. आणि नसेल लागला तर फोनवर पंचिंगचा मेसेज येत असेल तो शोधा.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर मी त्या खुर्चीत असतो तर एक-दोन इन्क्रिमेंट थांबवली असती. तिघांतून एकाला काढणं चूक आहे.

---

सिडको_नाशिक
२० जून २०२३

दोघांचे खूप आभार. काल रात्री हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं, पहिल्यांदाच उठून कपाटातून फाइल काढली.

डिसेंबरची स्लिप सापडली, ओव्हरटाइम ८ तास लागलेला आहे. मी तीनदा बघितलं.

आणि फोटोबद्दल. चार्जशीटला जोडलेला फोटो झेरॉक्स आहे, काळा पांढरा, नुसता माणूस आणि पिलर दिसतो, मागे सगळा काळा ठिपका. पण तोच फोटो इन्चार्जनी शिफ्टच्या ग्रुपवर टाकला होता, तो एकाने ह्यांना फॉरवर्ड केला होता डिसेंबरमध्येच. तो रंगीत आहे. मोठा करून बघितला तर ह्यांच्या उजव्या खांद्यामागे फर्नेसचा पॅनल दिसतो, लाल आकडे ९२०, आणि खाली टायमर, २ तास ३५ मिनिटं बाकी. हे म्हणाले सोकिंग चालू होतं, म्हणजे माल ठरलेल्या तापमानाला तसाच ठेवलेला, त्या वेळात दर अर्ध्या तासाने रीडिंग घ्यायचं असतं, दुसरं काम नसतं. डाव्या हातात हातमोजा तसाच आहे, पेन खिशाला.

मागणीपत्राचं विचारलं. युनियनच्या सेक्रेटरींना ह्यांनी फोन केला, ते म्हणाले फेब्रुवारीपासून कमिशनर ऑफिसला कन्सिलिएशनच्या तारखा चालू आहेत, अजून मिटलं नाही. ह्याचा ह्यांच्या केसशी काय संबंध?

अजून एक, सस्पेन्शनमध्ये अर्धा पगार मिळत होता तो शेवटपर्यंत अर्धाच मिळाला. आणि हिशोबाचा चेक आलाय, तो टाकू का नको?

---

वाळूज_प्रेसशॉप
२० जून २०२३

वहिनी, मी ह्यातून गेलोय म्हणून लिहितो, नऊ वर्षं लढलो. मला सुपरवायझरला शिव्या दिल्या म्हणून काढलं होतं. मी आवाज चढवला होता, शिव्या नव्हत्या दिल्या, पण साक्षीदार दोन्ही त्यांचेच.

मी २ए च्या रस्त्याने गेलो आणि युनियनवाल्या दादांपेक्षा माझं मत थोडं वेगळं आहे. पल्पमध्ये कंपनीने अनफेअर प्रॅक्टिस केली हे आपल्याला सिद्ध करायला लागतं. औद्योगिक विवाद कायद्यात ११ए नावाचं कलम आहे, १९७१ च्या डिसेंबरपासून आलेलं, त्यात लेबर कोर्टाला स्वतः पुरावा तपासून शिक्षा जास्त वाटली तर कमी करायची मोकळीक आहे, धक्कादायक असायलाच पाहिजे अशी अट नाही. १९७३ ला फायरस्टोनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे नीट समजावून सांगितलं, त्याच्या आधी कोर्ट मालकाच्या शिक्षेला सहसा हातच लावत नसे. पण तुमच्या केसमध्ये कलर केमसारखा निकाल पल्पखालीच आहे, म्हणून दोन्ही गोष्टी वकिलासमोर ठेवा आणि ३१ जुलैच्या आत ठरवा, तेवढ्यापुरतं दादांचं म्हणणं सोडू नका.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिले दोन वर्षं गोंधळातच होतो. जज पहिल्या दिवशी तुम्ही झोपला होता का असं विचारत नाहीत. आधी एकच मुद्दा चालतो, एन्क्वायरी फेअर अँड प्रॉपर होती का, आणि ऑफिसरने काढलेला निष्कर्ष पुराव्यावर टिकतो का. त्यासाठी मिस्टरांची साक्ष होईल, उलटतपासणी होईल, तिथे मस्टर मागितलं होतं आणि दिलं नाही हे यायला पाहिजे, त्याचा लेखी अर्ज असेल तर सोन्याहून पिवळं. एन्क्वायरी रद्द झाली म्हणून लगेच नाचू नका, कंपनीने आधीपासून तशी मागणी करून ठेवली असेल तर कोर्टासमोर नव्याने पुरावा देऊन चार्ज सिद्ध करायची संधी त्यांना मिळते, कूपर इंजिनिअरिंगच्या १९७५ च्या निकालापासून हीच पद्धत आहे. म्हणजे इन्चार्जला परत बोलावणार आणि ह्या वेळी खरा जज समोर असणार. माझ्या केसमध्ये तिथेच बाजी फिरली, दुसरा साक्षीदार त्या दिवशी रजेवर होता हे मस्टरवरून निघालं.

त्यांच्या वकिलाने २००५ चा महिंद्राचा निकाल दाखवला, वरिष्ठाला घाणेरडी शिवीगाळ केली होती, लेबर कोर्टाने परत घेतलं होतं पण सुप्रीम कोर्टाने डिसमिसल कायम ठेवलं. माझ्या वकिलाने १९८२ चा रमाकांत मिश्राचा दाखवला, एकदाच तोंडातून गेलं, सर्व्हिस चांगली, तिथे नोकरी परत दिली. दोन्ही सुप्रीम कोर्टाचेच. म्हणून कुठल्या निकालात काय झालं ह्याच्यावर झोप उडवू नका, कोर्ट तुमचीच परिस्थिती बघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मिस्टरांना वाचून दाखवा. मागचा पगार मागताना मी ह्या काळात दुसरी नोकरी केली नाही असं आपल्याला शपथेवर सांगायला लागतं, २०१३ ला दीपाली सुरवसे नावाच्या शिक्षिकेच्या केसमध्ये, तीही आपल्या मराठवाड्यातलीच, सुप्रीम कोर्ट म्हणालं की चुकीच्या पद्धतीने काढलं असेल तर नोकरी आणि मागचा पगार हाच सर्वसाधारण नियम, पण कामगाराने आधी सांगायला पाहिजे की मी कमावत नव्हतो, मग उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. मी घर चालवायला रोज पहाटे मंडईतून माल आणून गाडीवर भाजी विकायचो. वकील म्हणाला हे सांगू नकोस. मला नाही जमलं. उलटतपासणीत त्यांनी माझ्या गाडीचा फोटो काढून दाखवला आणि विचारलं हे कोण, मी म्हणालो मीच, पोरांना उपाशी ठेवू का. जज लिहिता लिहिता थांबले होते एक क्षण. मला ४० टक्के बॅक वेजेस मिळाले, पूर्ण नाही, पण खोटं बोलताना पकडलो असतो तर माझी सगळीच साक्ष गेली असती. मिस्टर काही काम करत असतील तर करू द्या, लपवू नका, तारखा आणि रोज किती मिळाले ते वहीत लिहून ठेवा.

निकालानंतर कंपनी औरंगाबाद खंडपीठात गेली. तेव्हा त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७बी खाली शेवटच्या पगाराइतकी रक्कम दर महिन्याला मिळत होती केस संपेपर्यंत, त्यावर पोरीचं डिप्लोमा झालं. हे २ए च्या रस्त्याचा एक फायदा म्हणून सांगतो. हायकोर्टात परत सगळा पुरावा तपासत नाहीत, खालच्या कोर्टाने काही भलतंच केलंय का एवढंच बघतात, म्हणून जे काही मांडायचं ते लेबर कोर्टातच मांडून घ्या, एकही कागद पुढच्या वेळी म्हणून ठेवू नका.

---

जुना_युनियनवाला
२१ जून २०२३

ताई, फेब्रुवारीपासून कन्सिलिएशन चालू आहे हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ३३(२)(ब) आहे. असा विवाद अधिकाऱ्यासमोर चालू असताना त्याच्याशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी जरी कामगाराला काढलं, तरी एक महिन्याचा पगार द्यायला लागतो आणि त्या अधिकाऱ्याकडे मंजुरीचा अर्ज करायला लागतो. अर्जच केला नाही किंवा मंजुरी नाकारली तर ती डिसमिसल कायद्याने उभीच राहत नाही. २००२ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या घटनापीठाने जयपूरच्या एका सहकारी बँकेच्या केसमध्ये हे पक्कं केलंय. म्हणून डिसमिस ऑर्डरमध्ये एक महिन्याचा पगार दिल्याचं आणि मंजुरीच्या अर्जाचं काही लिहिलंय का बघा, आणि युनियनकडून कन्सिलिएशनच्या तारखांच्या नोटिशा घ्या. ते प्रकरण औपचारिकपणे सुरू झालं होतं का हे वकील कागद बघून सांगतील, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

सस्पेन्शन अलाउन्स पहिले ९० दिवस निम्मा, पुढे पाऊण, उशीर कामगारामुळे झाला नसेल तर. तुमचा मार्चच्या मध्यापासूनचा फरक बाकी आहे, तो तक्रारीत मागा.

चेकबद्दल, तो नुसता टाकू नका. आधी कंपनीला रजिस्टर पोस्टाने पत्र, की डिसमिसल आम्हाला मान्य नाही, आमचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारतोय, मग टाका. ग्रॅच्युइटी त्यात नसेल तर तीही बघा, झोपल्याच्या आरोपावरून ग्रॅच्युइटी जप्त करता येत नाही, त्यासाठी कंपनीचं नुकसान, दंगाधोपा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असं काहीतरी लागतं. बेसिक आणि डीए मिळून २४ हजार धरले तर १६ वर्षांचे २ लाख २१ हजाराच्या वर होतात, भागिले २६ गुणिले १५ गुणिले १६ करून बघा. ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

आणि वाळूजवाल्या भाऊंचं म्हणणं मी मान्य करतो, ११ए ची ताकद मोठी आहे. फक्त माझ्या अनुभवात लोक कन्सिलिएशनच्या नावाखाली महिने घालवतात आणि तोपर्यंत साक्षीदार पांगतात, म्हणून माझा कल पल्पकडे.

---

एचआर_चाकण
२१ जून २०२३

एक भर. एन्क्वायरी रिपोर्टची कॉपी मिळाली होती का डिसमिस करायच्या आधी, आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळ दिला होता का? १९९३ च्या करुणाकर केसनंतर ती द्यायलाच लागते. आम्ही प्रत्येक फाइलमध्ये पोच घेऊन ठेवतो, तुमच्या फाइलमध्ये पोच नसेल तर तो मुद्दा पण घ्या.

फोटोचं सांगतो. वकिलाला सांगून कंपनीकडे मूळ रंगीत फोटो आणि ज्या फोनने काढला त्याचा तपशील मागा, प्रॉडक्शनचा अर्ज म्हणतात त्याला. त्या रात्रीची लॉगशीट पण मागा, ३:५५ चं रीडिंग त्यांच्या अक्षरात असेल तर गाढ झोपले होते ह्या शब्दाला तडा जातो. मस्टर, पंचिंग, लॉगशीट, फोटो, चारही एकाच अर्जात. कागद लपवला तर कोर्ट कंपनीच्या विरुद्ध अर्थ काढू शकतं. आणि फॉरवर्ड आलेला फोटो ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

---

सिडको_नाशिक
२६ जुलै २०२३

उशिरा लिहितेय, माफ करा, धावपळ चालू होती.

२१ तारखेला नाशिकच्या लेबर कोर्टात पल्पची तक्रार दाखल झाली, नंबर पडला. वकीलबाईंनी दोन्ही रस्ते समजावून सांगितले, त्या म्हणाल्या तिघांपैकी एकालाच काढलं हा मुद्दा पल्पमध्ये जास्त धारदार होतो. कन्सिलिएशनच्या नोटिशा युनियनने दिल्या, चार तारखांच्या, पहिली १४ फेब्रुवारीची, डिसमिस ऑर्डरमध्ये मंजुरीचा एक शब्द नाहीये, महिन्याचा पगार पण दिलेला नाही. ते त्यांनी वेगळ्या परिच्छेदात लिहिलंय. रिपोर्टची कॉपी ऑर्डरसोबतच आली होती, आधी नाही, ते पण घेतलं.

चेक पत्र पाठवून मग टाकला. ग्रॅच्युइटी त्यात नव्हती, वेगळा अर्ज करणार आहोत. हेल्परच्या ४ दिवसांच्या सस्पेन्शनची ऑर्डर मिळाली, त्याने स्वतः घरी आणून दिली, मी त्याला म्हणाले तुला त्रास होईल, तर म्हणाला वहिनी, त्या रात्री दादांनी मला अकरा वाजता डब्यातली अर्धी पोळी दिली होती.

हे आता एका ओळखीच्यांच्या छोट्या वर्कशॉपला जातात, दिवसाचे ५०० मिळतात. पहिल्या दिवसापासून वहीत लिहायला सांगितलंय, मुलगी लिहिते रोज, तारीख आणि रक्कम, खाली ह्यांची सही.

तक्रारीची मराठी कॉपी मी मागून घेतली. ह्यांनी सही करायच्या आधी प्रत्येक पान वाचलं, दीड तास लागला, वकीलबाई थांबल्या. ११ ऑगस्टची तारीख आहे, त्या दिवशी रंगीत फोटोचा आणि लॉगशीटचा अर्ज द्यायचाय. काय होतं ते इथे येऊन लिहीन.